आप्पांची नजर

सोमवारी डीएनए तपासणी विभागातल्या जेलच्या टँकची नजर गेली, म्हणून विभागप्रमुख शेंडगे सरांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं.

टँक विभागात सगळ्यांत जुना, म्हणून सगळे त्याला आप्पा म्हणत. वीज सुरू केली की डीएनएचे नमुने टँकमधल्या जेलच्या लिबलिबीत वडीतून सरकू लागत आणि त्यांच्या पुढे एक निळी रेघ धावे. आप्पांनी आपल्या पारदर्शक भिंतींतून तिच्यावर लक्ष ठेवायचं आणि ती वडीच्या काठाशी आली की ओरडायचं, "थांबवा!" त्या ओरडण्याने विभागात नवी आलेली ऋजुता रोज दचकायची. एकदा तर तिच्या हातातला बफर, म्हणजे टँकमध्ये भरायचं द्रावण, सांडला होता.

"अगं पोरी, मी काय वाघ आहे?" आप्पा विचारायचे.

डॉक्टर होनरावांनी भिंतींवर बॅटरी मारली. आत बारीक चिरांचं जाळं चमकलं.

"मोतीबिंदू नाही. हे ॲक्रिलिक आहे, स्पिरिट लागलं की तडकतं. कोण पुसतं यांना?"

ऋजुताचे कान तापले. आधी ती जंतूंच्या प्रयोगशाळेत होती. तिथे स्पिरिटचा बोळा फिरवल्याशिवाय कोणी घरी जात नसे. इथे बाकीचे आप्पांना साध्या पाण्याने विसळून पालथं घालत, तो तिला आळशीपणा वाटायचा.

"मी," ती म्हणाली. "रोज. लख्ख दिसावेत म्हणून."

"तरीच संध्याकाळी डोळे चुरचुरायचे," आप्पा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"इतक्या निगुतीने कोणी पुसलंच नव्हतं गं."

सरांनी घसा खाकरला. "नियमाप्रमाणे आंधळं उपकरण भंगारात जातं. कोणी त्याचे डोळे व्हायला तयार असेल, तर राहू शकतं. पण एक जरी नमुना काठाबाहेर गेला, तर त्याच दिवशी भंगार."

"मी होते त्यांचे डोळे," ऋजुता म्हणाली.

"सर, ही पोर सावलीला दचकते," आप्पा म्हणाले.

"म्हणजे डुलकी तरी लागणार नाही," सर म्हणाले आणि डॉक्टरांना चहाला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ऋजुता स्टूल ओढून आप्पांसमोर बसली.

"निघाली का रेघ?"

"निघाली."

"सरळ आहे ना?"

"डावीकडे जराशी कललीय."

"तिथला नमुना तूच भरलेला असणार. हात कापतो तुझा."

ती हसली नाही. डोळ्यांना पाणी आलं तरी तिने पापणी लवू दिली नाही. रेघ काठाशी आली.

"थांबवा!" ती ओरडली आणि तिनेच बटण बंद केलं.

आप्पा इतके दचकले, की बफर हिंदकळून टेबलावर सांडला.

"आप्पा! काय झालं?"

"काही नाही. ऐकायची सवय नाही गं."

नमुने सगळे जेलमध्येच होते. तिने टेबल पुसलं. फडकं धरलेला हात सवयीने आप्पांच्या भिंतीकडे गेला, आणि मध्येच थांबला. तिने त्यांना साध्या पाण्याने विसळलं आणि पालथं घातलं.

"पुसलं नाहीस?"

"नाही."

"बरं केलंस," आप्पा म्हणाले, पण बऱ्याच वेळाने.