ओल्या रंगावरचा अंगठा

लघाटे काकांच्या घरातल्या कढईला तारीख आहे. कढईलाच कशाला, पंख्याला, कूलरला, काकूंच्या शिवणयंत्राला, देवघराच्या दाराला, झालंच तर काकांच्या चष्म्याच्या घरालाही आहे. पत्र्याच्या साच्यातून पांढऱ्या रंगात छापलेल्या दोन तारखा. वरची शेवटची दुरुस्ती झाली त्या दिवशीची, खालची पुढची दुरुस्ती कधी करायची त्या दिवसाची. मालगाडीच्या डब्यावर असतात ना, तशा. एकदा मी माझी स्कूटर त्यांच्या फाटकासमोर पाच मिनिटं उभी केली. परत येऊन बघतो तो ब्रेक आवळलेले आणि मडगार्डवर दोन तारखा. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "पुढची तारीख पाळा जी. नाहीतर आपली जबाबदारी नाही."

काकांचा जन्म गेला झाशीच्या रेल्वे कारखान्यात, मालडब्यांच्या रंगखात्यात. घराणं इथलंच, चार पिढ्यांचं. मराठी बोलता बोलता हिंदी कुठे लागते ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. मधेच एखादा शब्द मात्र असा काढतात की माझ्या आजीची आठवण व्हावी. तांब्याला अजून गडू म्हणतात. आणि एखादी गोष्ट मनास आली की त्यावर दोन टिचक्या मारून म्हणायचं, "फिट दिया." हे डब्याला म्हणायचं, कुकरला म्हणायचं, काकूंच्या बेसनलाडवाला म्हणायचं. लेकीला बघायला मुलगा आला तेव्हा काकांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, खांद्यावर दोन टिचक्या मारल्या आणि आत निघून गेले. मंडळी गोंधळली. काकूंनी समजावून सांगितलं की लग्न ठरलंय.

मी पाटणकर, मूळचा साताऱ्याकडचा. इथल्या सरकारी कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासायचं काम करतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो. टाकीवरचा रंग ओला असताना कुणाचं बोट लागलं तर मी चार ओळींचा कडक कागद काढतो आणि खाली विचारतो, "हे कुणी केलं?" हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मला तोंड लपवायला जागा राहणार नाही.

काकांच्या अंगणात एक मोटार आहे. विलायती, दोनच सीटची, बिनछपराची, नाकाड ही एवढं लांब. गरौठ्याच्या बाजूला कुणा ठाकुरांच्या गोठ्यात ती पडून होती. आत भुसा भरलेला, आणि चालकाच्या जागी एक शेळी बसलेली. काकांनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून आणली तेव्हा आख्खी गल्ली हसली. मीही हसलो, जरा जास्तच. पण सात वर्षांत काकांनी तिचा गंजका पत्रा कापून नवा जोडला, इंजिन तीनदा उघडून तीनदा बसवलं, खाचाखळग्यांत लांबी भरली, पाणीपेपरने घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. लोक सांगायचे, असल्या गाडीला भडक लाल द्या. काकांनी ठरवला तो जुन्या रेल्वेडब्यांचा तपकिरी लाल. म्हणाले, हा लाल टिकतो, बाकीचे नुसते दिसतात. गाडी पुरी झाली की काकूंना शेजारी बसवून मोठ गावापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं, एवढा एकच त्यांचा बेत होता. मोठला काय आहे म्हणून मी विचारलं, तर म्हणाले की काही नाही, रस्ता चांगला आहे.

रंगाच्या दिवशी काका सोवळ्यात असायचे. थट्टा नाही. देवपूजा काकूंकडे सोपवलेली, पण रंग मारायचा तर पहाटे अंघोळ, धुतलेला पंचा आणि कुणाला शिवायचं नाही. झाशीची धूळ तुम्हाला ठाऊक नसेल, ती बंद कपाटातल्या कपात सापडते. म्हणून काकांनी चार मच्छरदाण्या जोडून गाडीला तंबू केला होता. तंबूचं तोंड दोरीने बांधायचं, वर्कशॉपच्या खास गाठीने. आणि समोर पाटी, "रंग ओला आहे. शिवू नये."

शेवटचा हात त्यांनी दिवाळीनंतर मारला, हवेत धूळ नाही आणि दवही नाही असा दिवस गाठून. मी त्या सकाळी काकूंची वाटी परत द्यायला गेलो. काकू इलाइट चौराह्याला बाजारात गेलेल्या, काका न्हाणीघरात रंगाचे हात धुवायला. अंगणात मी एकटा. मच्छरदाणीतून ते नाक चमकत होतं. मी गाठ सोडली. नुसतं जवळून बघायचं, एवढंच. पाटी वाचली आणि माझ्यातला तपासनीस जागा झाला. खरंच ओला आहे का, हे कुणीतरी बघायला नको? मी अंगठा टेकवला.

ओला होता.

अंगठा सुटला तेव्हा बॉनेटच्या मधोमध त्याच्या सगळ्या रेघा उमटल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. न्हाणीघरात तांब्याचा आवाज थांबला आणि माझी पाचावर धारण बसली. मी बाहेर आलो, दोरी घेतली आणि गाठ पुन्हा बांधली. नीट बांधली. इतकी हुबेहूब की खुद्द बांधणाऱ्यालाही फरक कळू नये. आयुष्यात एवढं सफाईचं काम मी पगारासाठीही केलेलं नाही.

घरी जाऊन रॉकेलने अंगठा घासला. दुपारी आमटीभात चमच्याने खाल्ला. आमच्या सुनीताने एकदा चमच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "काय केलंत?" मी म्हणालो, काही नाही. ती पुढे काही बोलली नाही. बायको गप्प बसली की समजावं, तिला कळलेलं आहे.

मी वाट बघत होतो की भिंतीपलीकडून आता आरडाओरडा होईल, गल्ली गोळा होईल, मग त्या गर्दीत आपणही जाऊन हळहळू. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी मीच गेलो. तंबू उघडा होता आणि काका स्टुलावर बसून बॉनेटकडे बघत होते. मी विचारलं, हे कसं झालं. आता बघा, किती निर्लज्ज माणूस. काका शांतपणे म्हणाले, "मीच लावला असणार. गाठ माझीच होती. पण आठवत नाही जी."

तेव्हाच बोलायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण ज्या माणसाला आपण सात वर्षं हसलो, त्याच्यासमोर उभं राहून अंगठा दाखवायचा? मी ते गिळलं आणि म्हणालो, वयोमानाने होतं असं कधी कधी. हे वाक्य आठवलं की आजही मी रस्त्यात थांबतो.

काकांनी गाडीवर ताडपत्री टाकली. साचे फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले. कूलरची तारीख उलटून गेली तरी हात लावला नाही. "फिट दिया" ऐकू येईना. खिशात एक वही आली, तिच्यात ते लिहायचे, फाटक लावलं, दूध घेतलं, गोळी घेतली.

आणखी एक गोष्ट सुरू झाली, तिची मात्र मला गंमत वाटली. काकांनी पन्नास वर्षं काकूंना "अगं ए" एवढंच म्हटलं होतं. त्या पिढीत बायकोचं नाव कोण घेतो? लग्नात घेतलं असेल उखाण्यात तेवढंच. ते काका आता पहाटे उठले की अंथरुणातूनच स्पष्ट हाक मारायचे, "कुसुम." एकच हाक. आमच्या खिडकीत ऐकू यायची. मी भिंतीवरून काकूंना म्हटलं, काय काकू, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. काकू लाजून आत पळाल्या. मी दात घासता घासता हसलो.

तीन आठवडे झाले आणि एक दिवस काकू स्वतः आमच्याकडे आल्या. काका गाडी देऊन टाकत होते. कानपूर रोडवरचा एक भंगारवाला रविवारी येणार होता. सुनीताने विचारलं, एवढ्याशा डागासाठी? काकू म्हणाल्या, डागासाठी नाही. मग त्यांनी दादांचं सांगितलं. दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. ह्याच घरात शेवटची सहा वर्षं विस्मरणात गेले. आधी माणसांची ओळख गेली, मग मराठीच गेली. काका त्यांना रोज अंघोळ घालायचे, आणि दादा हात जोडून आदबीने विचारायचे, "भैया, आप कौन?" तारखांचं वेड तेव्हापासूनचं. डोक्यावर भरवसा नको, म्हणून सगळं भिंतीवर, भांड्यावर. "आता त्यांना वाटतंय, आपलंही सुरू झालं," काकू म्हणाल्या. "म्हणतात, ज्याला आपला हात आठवत नाही त्याने स्टिअरिंग धरू नये."

काकू गेल्या. सुनीता एवढंच म्हणाली, "तुम्ही जाता की मी जाऊ?"

मी गेलो. फाटकापासून अंगणापर्यंत दहा पावलं असतील, ती मला कारखान्याच्या दारापासून सायबाच्या खोलीएवढी लांब वाटली. काका ताडपत्रीची दोरी सोडत होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. वाटी, गाठ, अंगठा, रॉकेल, सगळं. सांगताना वर बघितलं नाही.

काकांनी ताडपत्री ओढली, माझं मनगट धरलं आणि माझा अंगठा त्या ठशाशेजारी नेऊन ठेवला. खिशातून भिंग काढलं. किती वेळ बघत होते कोण जाणे.

"आणि गाठ?" ते म्हणाले. "ती गाठ तर वर्कशॉपची."

"तुम्हीच शिकवलीत काका."

"मी?" ते थांबले. डोळे मिटले. मला वाटलं आता संपलं सगळं. मग एकदम म्हणाले, "हां. दिवाळीत. तुमच्या बहिणीला फराळाचा डबा पाठवायचा होता, त्याला बांधून दाखवली. पिवळा डबा. झाकण एका बाजूने चेपलेलं."

डबा पिवळाच होता आणि झाकण चेपलेलंच होतं. मी विसरलो होतो.

काका स्टुलावर बसले. स्वयंपाकघरात काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता, त्या बाजूला बघून ते हळू आवाजात बोलायला लागले. "दादा सगळ्यात आधी वहिनीचं नाव विसरले होते. म्हणून मी सकाळी डोळे उघडले की आधी तिचं नाव घेऊन बघायचो, पाटणकरजी. आहे का अजून. रोज बघायचो."

मी भिंतीवरून हसलो होतो त्याला. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, आणि जमीन काही घेत नाही, तसंच उभं राहावं लागतं. मी म्हणालो, काका, मला काय वाटेल ते बोला. ते उठले, बादलीत पाणी आणलं, पाणीपेपरचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घासा."

चार दिवस घासलं. सगळं बॉनेट, कारण काकांच्या मते डागापुरता रंग मारणं म्हणजे फाटक्या सदऱ्याला ठिगळ. पाचव्या दिवशी कारखान्याच्या दारातलं हजेरीचं यंत्र माझा अंगठा ओळखेना. रेघाच झिजून गेल्या होत्या. मागे रांग लागलेली, यंत्र आपलं तीच तीच नापसंती दाखवतंय, आणि ज्यांना मी आजवर कडक कागद दिले ते सगळे आनंदाने बघतायत. मी म्हटलं, बरोबर आहे यंत्राचं.

भंगारवाल्याला काकांनी चहा पाजून परत पाठवलं. गाडीला पुन्हा शेवटचा हात दिला. त्या दिवशी मला आमच्याच घरात बसवून बाहेरून कडी लावण्यात आली होती, सुनीताच्या हस्ते. संध्याकाळी भिंतीपलीकडून दोन टिचक्या ऐकू आल्या. गाडीवरच्या नव्हत्या, पत्र्याचा आवाज मला कळतो. खिडकीतून बघितलं, तर काकांची बोटं अजून स्वतःच्या कपाळावर होती. मग हळूच, "फिट दिया."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खिडकीत कान देऊन उभा राहिलो. हाक आली, "अगं ए, चहा." माझा जीव भांड्यात पडला.

मोठची सहल झाली. काकू डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसल्या आणि आख्खी गल्ली टाळ्या वाजवत उभी राहिली. परत आल्यावर त्या आमच्याकडे पेढे घेऊन आल्या. सगळं सांगून झालं, आणि जाता जाता दारात म्हणाल्या, "एक मात्र झालं बघा. मधे तीन आठवडे माझं नाव घ्यायचे. ते आता बंद झालं. मला वाटलं होतं, उशिरा का होईना, सुचलं ह्यांना." आणि हसल्या. मी पेढा हातात धरून बसून राहिलो. माझ्या अंगठ्याने आता नेमकी कशाकशाची माफी मागायची, तेच कळेना.

काका बाहेर गाडी पुसत होते. मी जाऊन त्यांना सांगितलं, काकू असं असं म्हणाल्या. ते पुसतच राहिले. मग फडका झटकून म्हणाले, "हां." बस, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीपाशी दात घासत होतो. काका अंगणात आले, गाडीभोवती एक फेरी मारली, स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. घसा साफ केला. "अगं ए," म्हणाले. मग थोडं थांबून, खाली बघत, "कुसुम. चहा."

आत भांड्यांचा आवाज थांबला. काका वळले तो भिंतीपलीकडे मी, तोंडात ब्रश. त्यांचे कान गाडीच्या रंगाचे झाले. मी पटकन खाली बसलो, आणि काकू चहा घेऊन बाहेर येईपर्यंत तसाच बसून राहिलो.