मनगटावरची पट्टी

आमचे डायरेक्टर डेक्लन रोज सकाळी ऑफिसात यायचे, कोट काढायचे आणि मॅचला उतरणार असल्यासारखी डाव्या मनगटाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळून घ्यायचे. एका हाताने ती बसत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे. "घट्ट बांध," ते म्हणायचे. "पट्टी सैल तर माणूस सैल." मग पेनाने तिच्यावर बारीक काहीतरी लिहायचे. जुने डावपेच असतील, असं आम्ही म्हणायचो.

एके काळी ते आयर्लंडकडून रग्बी खेळलेले. नाक दोनदा मोडलेलं, डोक्याला किती मार बसला याची गणती नाही. मी नागपूरहून इंग्लंडात, स्लाऊला त्यांच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत आले, तेव्हा घरी बोलायला कॉलिंग कार्ड खरवडावं लागायचं. इथे साहेबाला नावाने हाक मारतात. ते अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं.

मीटिंग अर्ध्यावर आली की डेक्लन ड्रॉवरमधून डबा काढायचे. "हाफ-टाइम." डब्यात संत्र्याच्या चकत्या. रग्बीत मध्यंतराला संत्रं खातात म्हणे. जाड सालीचा नुसता आंबट चोथा, आणि तो खाणार कोण, तर मी, नागपूरची! माझं तोंड बघून ते पोट धरून हसायचे.

दुपारी बरोबर एकला ते बायकोला, मोराला, फोन करायचे. जेवलीस का, एवढंच विचारायचे. एका हिवाळ्यात मोरा गेली. आठवड्याने डेक्लन परत आले आणि त्यांनी मनगट माझ्यापुढे केलं. मी पट्टी नेहमीसारखी घट्ट बांधली.

पुढे एका मीटिंगमध्ये हाफ-टाइम झाला आणि दहा मिनिटांनी पुन्हा डबा निघाला. सगळे टेबलाकडे बघत राहिले. साहेबांचं काहीतरी निसटतंय, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, आणि भीती वाटली.

एका गुरुवारी चहा सांडून त्यांची पट्टी भिजली. उजव्या हातालाही चटका बसला होता, म्हणून मलाच म्हणाले, नवी बांध आणि जुनीवरचं उतरवून दे. मी जुनी सोडवून वाचली. डावपेच कसले! गाडी कुठे लावली ते होतं. माझं नाव होतं, पुढे 'संत्रीवाली'. आणि सगळ्यात खाली: 'मोरा नाही. घरी फोन करू नकोस.'

माझा पेन तिथेच अडला.

"तेही लिही," ते हळूच म्हणाले. "नाहीतर रोज एक वाजता मला नव्याने कळतं."

मी लिहिलं. डोळे भरून आले होते, अक्षर वाकडं आलं.

त्या दिवसापासून एकच्या ठोक्याला मी माझा डबा घेऊन त्यांच्या केबिनमध्ये जाऊ लागले. फोनकडे गेलेला हात थांबायचा, ते मनगट वाचायचे, मग माझ्याकडे बघायचे. "जेवलीस का?" विचारायचे. मी नाही म्हणायचे. मग ते ड्रॉवर उघडायचे. कधी दोनदा उघडायचे, आणि मी दोन्ही वेळा ती संत्री खायचे.