टांटी वेरोची रवी

जहाजावरून उतरणाऱ्या माणसाच्या पायांकडे बघून तो काय विकत घेणार हे मी सांगू शकतो. एकोणीस वर्षं सेंट जॉर्जेसच्या धक्क्यावर टॅक्सी चालवतोय, उगाच नाही. पायात रबरी सपाता असतील, तर टोपी आणि रमची बाटली. पट्ट्यापट्ट्यांचे सँडल असतील, तर जायफळ-दालचिनीची माळ. पांढरे कॅनव्हासचे बूट असतील, तर तो माणूस दोन तास अख्खा बाजार हाताळणार आणि शेवटी फ्रिजला चिकटवायचा मासा घेणार. तो मासासुद्धा आमच्या ग्रेनाडापासून दहा हजार मैलांवरच्या कारखान्यात जन्मलेला! मला हे बघवत नाही. म्हणून माझ्या गाडीत बसलेल्या माणसाला मी खरी वस्तू घ्यायला शिकवतो. कॉसमॉस अलेक्सिसच्या गाडीतला पाहुणा भलतंसलतं काही घेऊन जहाजावर गेला, असं आजवर झालेलं नाही.

म्हणजे त्या बुधवारपर्यंत झालं नव्हतं.

त्या दिवशी माझ्या वाट्याला मिसेस पेटिग्रू आल्या. कॅनडाच्या. सत्तरी ओलांडलेल्या, शिडीसारख्या उंच, एकट्या. पायात तपकिरी चामड्याचे, लेस बांधलेले बूट. असले बूट माझ्या शास्त्रात बसत नव्हते, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. बाईंनी उभं आयुष्य वजनमापं तपासण्याच्या सरकारी नोकरीत काढलं होतं. दुकानदारांचे खोटे तराजू पकडायचे, एवढंच काम. सवय अजून गेली नव्हती. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती तळहातावर तोलायच्या, मग उलटी करून बुडाशी काही लपवलंय का बघायच्या. माझ्या गाडीचं दारसुद्धा त्यांनी दोनदा उघडून लावून पाहिलं.

वाटेत त्यांनी सांगितलं, की या सफरीत सात बेटं होती, त्यातली सहा झाली आणि त्यांच्या हाताला अजून काही लागलेलं नाही. एकच वस्तू घ्यायची, पण ती अशी, की मरेपर्यंत घरात ठेवावीशी वाटली पाहिजे. आमचं बेट सातवं आणि शेवटचं. माझी छाती फुगली. सहा बेटांना जमलं नाही ते आता ग्रेनाडाला, म्हणजे पर्यायानं मला, करून दाखवायचं होतं. त्या भरात मी गाडी चालवता चालवता मागे वळून एक वाक्य बोललो.

"मॅडम, लोक जे विकायला बसलेत ते घेऊ नका. जे द्यायला त्यांचं मन होत नाही ते घ्या."

वाक्य इतकं झकास जमलं, की मला वाटलं हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. मिसेस पेटिग्रूंनी पर्समधून वही काढली आणि खरंच लिहून ठेवलं.

मार्केट स्क्वेअरमध्ये त्याचे परिणाम दिसायला लागले. पहिल्याच टपरीवर माझ्या बायकोची मैत्रीण क्लॅरिस बसते. बाईंनी तिची एक माळ उचलली, तोलली, उलटी केली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, ही मी नेली तर तुम्हाला वाईट वाटेल का? क्लॅरिस म्हणाली, वाईट कशाला, आनंद होईल, दोन न्या. बाईंनी माळ खाली ठेवली. पुढच्या टपरीवर भोपळ्याच्या कवटीचा कोरीव वाडगा होता. त्या माणसानं सांगितलं, की तुम्ही हा नेला नाहीत तर मी रडेन. बाईंनी वाडगाही ठेवला. असं करत करत आम्ही बावीस टपऱ्या पालथ्या घातल्या. आमची बातमी आमच्याही पुढे धावत होती. शेवटच्या रांगेतल्या एका हुशार म्हातारीनं आम्हाला लांबून बघताच आपल्या कापडी बाहुल्यांवर फडकं टाकलं आणि 'विकायच्या नाहीत' म्हणून तोंड फिरवून बसली. बाईंचे डोळे चमकले. नक्की नाही ना, असं त्यांनी विचारलं. म्हातारी म्हणाली, मुळीच नाही, आणि चार घेतल्यात तर भाव कमी करीन.

निघताना सगळा बाजार माझ्याकडे असा बघत होता, जणू मी प्लेगचा उंदीर गाडीत घालून आणला होता.

एक वाजत आला होता. मी बाईंना जेवायला घरी नेलं. आमचं घर वर डोंगरात, कॉन्स्टंटाइनला. घरात मी, माझी बायको आयोनी आणि आयोनीला लहानाची मोठी करणारी तिची मावशी वेरोनिका. तिला सगळं गाव टांटी वेरो, म्हणजे वेरोमावशी, म्हणतं. वय अठ्ठ्याहत्तर, उंची साडेचार फूट, आणि घरातला शेवटचा शब्द तिचा. पहिलाही तिचाच, मधले आम्ही वाटून घेतो.

टांटीनं त्या दिवशी कॅलालू केला होता. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून, रवीनं घुसळून लोण्यासारखी मऊ केलेली. मिसेस पेटिग्रूंनी दोन वाडगे खाल्ले. तिसरा घेण्यासाठी मान वर केली आणि चुलीशेजारच्या खिळ्यावर त्यांना रवी दिसली.

ती रवी टांटीच्या आईची. झाडाच्या फांदीला मुळातच पाच बोटं फुटलेली, त्यातलं एक अर्धं तुटलेलं. धुरानं आणि अळूनं काळी कुळकुळीत झालेली. मागच्या नाताळात मी टांटीला बाजारातून नवी कोरी रवी आणून दिली होती. टांटीनं माझे आभार मानले आणि ती खिडकी उघडी ठेवायला टेकू म्हणून लावली.

बाईंनी रवी खाली काढली. तोलली, उलटी केली. मग टांटीला विचारलं, ही मी मागितली तर द्याल का? टांटी म्हणाली, नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही म्हणाल ते देईन. टांटी म्हणाली, नाही. बाईंनी रवी छातीशी धरली. त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, मी ही नेली तर तुम्हाला वाईट वाटेल का?

टांटीनं त्यांच्या हातातून रवी काढून घेतली आणि परत खिळ्याला टांगली.

"मला नाही, पोरी. तुला वाटेल."

बाहेर अंगणात मिसेस पेटिग्रू मला म्हणाल्या, की मिस्टर कॉसमॉस, मला ती वस्तू सापडली आणि ती मिळणार नाही हेही कळलं. पण या सफरीत मला खरं सांगणारे तुम्ही एकटे भेटलात. असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला. आता सांगा, अशा बाईंना मी रिकाम्या हातानं सातव्या बेटावरून कसा जाऊ देणार? माझ्यातला देशभक्त जागा झाला. देशभक्ताच्या जोडीला एक मूर्खही जागा झाला, पण ते मागाहून कळलं.

आयोनीला सांगितलं, बाईंना शेजाऱ्यांच्या अंगणात वाळत घातलेला कोको दाखवून आण. टांटी आडवी झाली होती. मी खिडकीखालचा टेकू काढला, खिळ्यावरची रवी काढली आणि दोन्ही घेऊन घरामागे बसलो. नव्या रवीचं एक बोट मोडलं. तिला निखाऱ्यावर धुरी दिली. मग बुटांचं पॉलिश घेतलं. मी टॅक्सीवाला असल्यामुळे माझ्याकडे काळं आणि तपकिरी, दोन्ही असतं. आधी तपकिरी चोळलं, वर काळं, मग राख, मग पुन्हा काळं, आणि शेवटी खोबरेल तेलाचा हात. पाऊण तासानं दोन्ही रव्या वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. जुळ्या बहिणी! आपल्या हातात अशी कला आहे हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळत होतं.

तेवढ्यात आतून टांटीच्या सपातांचा आवाज आला. मी एक रवी घाईघाईनं कागदात गुंडाळली, दुसरी पळत जाऊन खिळ्याला टांगली.

बाई परतल्यावर मी पुडकं त्यांना गुपचूप दिलं. सांगितलं, टांटीचं मन पालटलंय, ही त्यांची भेट समजा, पण त्यांच्यासमोर विषय काढू नका, फार हळव्या आहेत. बाईंनी पुडकं पर्सच्या तळाशी ठेवलं. निरोप घेताना मात्र त्यांना राहवलं नाही. त्यांनी वाकून, म्हणजे जवळजवळ घडी होऊन, टांटीला मिठी मारली आणि म्हणाल्या, तुम्ही काय दिलंत ते मला कळतंय. टांटीला वाटलं कॅलालूबद्दल बोलताहेत. ती म्हणाली, त्यात काय एवढं, अजून आहे, डब्यात घालून देऊ का? या मोठेपणानं बाई हुंदके द्यायला लागल्या.

तीनला मी त्यांना धक्क्यावर सोडलं आणि शीळ घालत घरी आलो.

त्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये सुगीचं जेवण होतं. चाळीस माणसांचा कॅलालू टांटीकडे होता. मी पोचलो तेव्हा मोठं पातेलं चुलीवर होतं आणि टांटी दोन्ही तळव्यांत रवी धरून घुसळत होती. मी पडवीत आरामात पाय पसरले. थोड्या वेळानं मला एक वास आला. ओळखीचा, पण स्वयंपाकघरातला नव्हे. रविवारी सकाळी चर्चला जाण्याआधी येतो तो.

आत गेलो. हिरवा कॅलालू डांबरासारखा काळा पडला होता आणि वर तपकिरी तवंग फिरत होता. टांटी हातातल्या रवीकडे बघत होती. रवीचा दांडा वरपर्यंत काळा होता, पण खाली बोटं लख्ख पांढरी निघाली होती, नाताळात आणली होती तशी. मग टांटीनं मान वळवली आणि खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "कॉसमॉस, गाडी काढ."

जहाज पाच वाजता सुटणार होतं आणि साडेचारनंतर जिन्यावर कुणाला घेत नाहीत. चार वाजत आले होते. मी गाडी चालवत होतो, शेजारी टांटी, ॲप्रन तसाच, हातात ठिबकणारी रवी. मागे आयोनी. माझ्या बाजूनं एखादा शब्द बोलेल म्हणून मी आरशात बघितलं, तर ती खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती. वळणावळणांवर रवीचे काळे थेंब माझ्या शर्टवर उडत होते. खाली शहरातल्या बोगद्याशी एक मालट्रक अडकलेला. टांटीनं खिडकीतून रवी बाहेर काढून ड्रायव्हरला दाखवली. काय समजला देव जाणे, त्यानं ट्रक मागे घेतला.

धक्क्याच्या फाटकावरच्या रखवालदारानं पास मागितला. टांटीनं त्याला निरखून पाहिलं आणि विचारलं, तू ॲग्नेसचा रूफस ना? मग त्याला आठवण करून दिली, की चोरी करू नये ही आज्ञा तिनंच त्याला रविवारच्या शाळेत पाठ करून घेतली होती, आणि आता इथे एक चोर तिच्याबरोबर उभा आहे, त्याला कबुली द्यायची आहे. माझ्या ओळखीचे अकरा टॅक्सीवाले तिथे सावलीला बसले होते. ते सगळे उठून जवळ आले.

रूफसनं जहाजावर फोन केला. चार वाजून बावीस मिनिटांनी मिसेस पेटिग्रू ते तपकिरी बूट वाजवत आल्या. पुडकं हातातच होतं.

मी सगळं सांगितलं. खिडकी, पॉलिश, राख, खोबरेल. बाईंनी चष्मा लावला, एका तळहातावर एक रवी, दुसऱ्यावर दुसरी, असं तोलून पाहिलं. खरी हलकी होती, इतक्या वर्षांत झिजून झिजून. ती त्यांनी टांटीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, तुम्ही नाही म्हणालात तेव्हाच मी थांबायला हवं होतं, माफ करा. टांटीनं रवी ॲप्रनला पुसली आणि मग त्याच ॲप्रननं बाईंचे डोळेही पुसले. बाईंच्या गालावर काळा पट्टा उमटला.

बाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता वजनमाप खात्याचा दंड.

"हिला किती वेळ लागला?"

"पाऊण तास, मॅडम."

"आणि मी ही नेली तर तुम्हाला वाईट वाटेल?"

मी त्या रवीकडे पाहिलं. अर्धी काळी, अर्धी पांढरी, दांड्याला अळूचं पान चिकटलेलं. लाज वाटायला हवी होती, वाटतही होती. पण माझ्या हातून इतकी नेटकी वस्तू आजवर झाली नव्हती आणि पुढे होईलसं दिसत नव्हतं. म्हणालो, "हो. खरं सांगायचं तर वाटेल."

"मग मी ही घेते," मिसेस पेटिग्रू म्हणाल्या. त्यांनी माझी नकली रवी कागदात गुंडाळली आणि जिन्याकडे निघाल्या. भोंगा वाजला. वरच्या मजल्यावरून त्या बराच वेळ रवी हलवून आमचा निरोप घेत होत्या.

चर्चमध्ये त्या रात्री कॅलालूऐवजी बेक नावाच्या तळलेल्या रोट्या आणि खारा मासा झाला. लोकांनी बोटं चाटून खाल्लं. मी नव्हतो, मी मागच्या नळावर पातेलं घासत होतो.

तीन महिन्यांनी कॅनडाहून पत्र आलं. जेवणानंतर मी ते सर्वांना मोठ्यानं वाचून दाखवलं. बाईंनी रवी दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवली आहे. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे जुन्या वस्तूंचे कुणी मोठे जाणकार जेवायला आले होते. त्यांनी भिंग लावून रवी पाहिली आणि सांगितलं, ही निदान दीडशे वर्षांची असावी. बाईंनी त्यांना अजून काही कळू दिलेलं नाही. ही ओळ मी दोनदा वाचली. आयोनीनं टाळ्या वाजवल्या. मी पत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि टांटी काय म्हणते याची वाट बघत बसलो.

टांटी कॅलालू घुसळत होती. हात न थांबवता म्हणाली, "दीडशे वर्षं? मग त्या बाईनं दुसरीच कुठलीतरी नेली असेल. तुझ्या हातचं काही दीड महिना टिकलेलं मी पाहिलेलं नाही."