फुटू नको

बोरदेवच्या ओढ्यावरचा मातीचा बंधारा एका बडबडगीतावर उभा होता. दर शुक्रवारी शाळेतली पोरं त्यावर बसून म्हणत, "पाण्या बाळा, सुटू नको, मांडी मोडून उठू नको!" पुढचे दुधाचे दात पडलेल्यांच्या तोंडी 'सुटू'चं 'फुटू' होई, आणि बंधाऱ्याला नेमकं तेवढंच कळे. पडलेला दात बंधाऱ्याच्याच मातीत खोचायची गावाची रीत होती.

यंदा शाळेत पाचच पोरं, आणि पाचांचेही दात आलेले. पाणी झिरपू लागलं. शाखा अभियंता ढाकणे तपासणीला आले, तोवर ते दोन हात उतरलं होतं.

"असंच चाललं तर संक्रांतीला प्यायलाही उरणार नाही," ढाकणे म्हणाले. "मुद्दाम 'फुटू' म्हणवून पाहिलंत?"

"पाहिलं, साहेब. सोंग कळतं त्याला," शाळेच्या बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी स्वतःचा एकही दात न उरलेल्या म्हाताऱ्या ठकूबाईकडे पाहिलं. दिवाळीतल्या दातांच्या शिबिरात तिला कवळी मिळाली होती. नऊ वर्षांनी तिनं पेरू खाल्ला होता, आणि तेव्हापासून रोज एक, उंबऱ्यात बसून, गावाला कचकच ऐकू जाईल असा.

"माझ्याकडं काय बघताय? मला दात हायती."

"बंधाऱ्याच्या नियमात 'दुधाचे दात पडलेली व्यक्ती' एवढंच आहे." ढाकण्यांनी कागद चाळला. "तुमचे पडलेत ना?"

"सत्तर वर्सं झाली."

"मग बसतं नियमात."

ठकूबाईनं कवळी काढून गाणं म्हटलं. झिरप थांबली. तिनं कवळी लावली, कनवटीचा पेरू काढून चावला. भिंतीतून पुन्हा धार लागली. तिनं तो घास सावकाश, शेवटपर्यंत चावला. उरलेला पेरू पोरांना दिला. मग कवळी काढून धुतली, बंधाऱ्याच्या मातीत खोचली आणि पुन्हा एकदा गाणं म्हटलं. धार थांबली. ती मात्र पदरात तोंड घालून रडू लागली.

दुसरीतली रेवती जवळ आली. दात पडलेल्या प्रत्येकाला म्हणतात तेच म्हणाली, "रडू नको, आज्जे. आता नवे येतील."

ढाकण्यांनी नोंदवहीत लिहिलं: नवे दात अपेक्षित, जून.