पैठणीवरचा शर्ट

आमच्या शेजारच्या सुमनकाकी हळदीकुंकवाला पैठणी नेसून येतात आणि पैठणीवर पुरुषाचा, लांब बाह्यांचा, चौकडीचा शर्ट घालतात. केसांत अबोलीची वेणी, खिशात मोबाइल, चाकू आणि सुतळीचं गुंडाळं. आळीत नव्याने आलेल्या बायकांना वाटतं, काकींना थंडी वाजून ताप आलाय. एकीने तर सुंठीचा काढा करून आणला होता. काकींनी तो पिऊन टाकला. आयता आलेला कशाला सोडा?

आंब्याच्या बागेत काम करणाऱ्या बायका साडीवर शर्ट घालतातच. देठ मोडला की चीक उडतो आणि कातडीला लागला की भाजल्यासारखा डाग पडतो. पण बाकीच्या बायका काम संपलं की शर्ट काढून पिशवीत कोंबतात. काकी तो घालूनच एसटीत बसतात, बँकेत जातात, देवळात जातात. पूर्वी त्या मजुरीला जायच्या, आता स्वतः बागा कराराने घेतात. शर्ट तेवढा सुटला नाही.

मुलगी रांगत असताना त्यांचा नवरा वारला. हे शर्ट त्याचेच असणार, असं समजून लोक हळवे होतात. तसं काही नाही. काकी ते बाजारातून स्वतः आणतात, दुकानदाराशी यथेच्छ भांडून.

"बाईच्या कपड्याला खिसा नाय," त्या म्हणतात, "म्हणून ती जल्मभर दुसऱ्याच्या खिशाकडं बगते."

एकदा कुठल्याशा मंडळाने त्यांचा सत्कार केला. व्यासपीठाखाली कार्यकर्ता हळूच म्हणाला, "काकी, फोटो आहेत. शर्ट जरा काढता का?"

"फोटो कुनाचा हवाय? पैठनीचा हवा तर ती दुकानात टांगलेली हाय. माजा हवा तर मी ही अशी."

शेवटी शर्टावर शाल पडली. भर मे महिन्यात काकी घामाने निथळत होत्या, पण इंचभर हलल्या नाहीत.

मग मुलीचं, श्वेताचं, लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा. महिनाभर घरात एकच विषय. "आई, लोक काय म्हणतील? त्यांच्याकडची माणसं हसतील."

"हसूं देत. दात हायत तर हसतील. चीक अंगावर घेऊन तुला शिकवली, तेव्हा नाय आले ते हसायला."

लग्नाच्या सकाळी सामान न्यायला मी त्यांच्या घरी गेलो. काकी पैठणीवर नवाकोरा पांढरा शर्ट घालून तयार. मला बघून श्वेता गप्प होईल असं वाटलं, पण ती रडतच म्हणाली, "लोकांचं जाऊ दे. मला लाज वाटते गो आई."

काकी तिच्याकडे बघत राहिल्या आणि शर्टाची बटणं सोडायला लागल्या. "येवडा आदी सांगायचा," म्हणाल्या. "लोकांचा काय सांगत बसलीस?"

त्या दिवशी काकींना हात कुठे ठेवावेत ते कळेना. उजवा हात सारखा छातीशी जाई, खिसा नाही म्हटल्यावर पदराशी चाळा करी. मोबाइल कुणाकडे तरी देत आणि मग सगळं वऱ्हाड तो शोधत बसे. पुण्याच्या विहीणबाई मला म्हणाल्या, किती साध्या आहेत हो! मला मनातून राग आला. साध्या? आमच्या काकी?

पाठवणी झाली. गाडी दिसेनाशी झाल्यावर काकी हॉलच्या पायरीवर बसल्या. मी पाणी नेऊन दिलं.

"लोकांसाठी नसता काढला, भाऊ," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी काढला, त्याचा कायसुद्धा वाटला नाय. पन मंग दिवसभर तोच इचार. उद्या तिथं कोन तिला म्हनाला, हे घालू नको, असा बोलू नको, नोकरी सोड, तर? आईनं काढला म्हनून ही पन काढील."

त्यांनी उरलेलं पाणी पिऊन पेला माझ्या हातात दिला.

"म्हनून तो शर्ट तिच्या बॅगेत घातलाय. साड्यांच्या खाली. तिला ठावं नाय."

"ती कशाला घालेल तो, काकी?"

"नको घालूंदे," काकी म्हणाल्या आणि कोरड्या हाताने डोळे पुसले. "हाताशी असूंदे."