बैठकीला आई आणावी

आमच्या शहरात इंटरनेटचा दर कमी करून घ्यायचा असेल तर आईला घेऊन जावं लागतं. समोर कंपनीच्या बाजूने अधिकाऱ्याची आई बसते आणि दर दोघी मिळून ठरवतात. ग्राहक आणि अधिकारी आपापल्या आईशेजारी बसून सतरंजीकडे बघतात.

ज्यांची आई नाही त्यांना मावशी चालते. सासू चालत नाही, कारण ती नेमकी कुणाच्या बाजूने बोलेल हे कंपनीला सांगता येत नाही. मला यात काही गैर वाटलं नाही. माझ्या सासूबाईंनाही वाटलं नाही.

पद्धत सरळ आहे. ग्राहकाची आई आपल्या लेकराला नावं ठेवते, तसा दर उतरतो. अधिकाऱ्याची आई त्याच लेकराचं कौतुक करते, तसा दर चढतो, कारण एवढ्या गुणी माणसाला पैसे जड नसणार. मधेच थर्मासातला चहा विचारतात. ग्राहकाच्या बाजूने कुणी चहा घेतला की छापील दर मान्य, असं धरतात. म्हणून चहाला नको म्हणायचं. आपल्याकडच्या आयांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मी घरून ऑनलाइन शिकवण्या घेते, आठवी ते दहावीचं गणित. घरचं इंटरनेट, दोन मोबाइल आणि टीव्हीचे चॅनल असं आमचं एकत्र पॅकेज आहे. त्याचा दर कंपनीने असा वाढवला की आम्हाला खालचं पॅकेज घ्यावं लागलं. त्यात माझा चेहरा फळ्यासमोर तोंड उघडं ठेवून थिजायचा, मुलं हसायची, आणि मग एकेक पालक दुसरा क्लास बघायचा. दर उतरला नाही तर क्लास बंद पडणार, हे उघड होतं.

तरीही मी आईला सांगायचं टाळत होते. ती नावं ठेवील याची लाज नव्हती. घरी ती फुकट ठेवतेच. तिला त्यासाठी तयारी करावी लागणार नाही, याची लाज होती.

"तो कुर्ता नको," निघताना आई म्हणाली. "त्यात तू बरी दिसतेस."

"मग कुठला घालू?"

"रोजचा घाल. माझं काम कमी होईल."

कंपनीचं ऑफिस एसटी स्टँडमागे, औषधांच्या दुकानावर आहे. अधिकारी निनाद शिराळकर म्हणून पस्तिशीचा माणूस होता. शेजारी त्याची आई, शिराळकरकाकू, गुडघ्यांना पट्टे बांधून खाली बसल्या होत्या.

"गणित शिकवते म्हणे मुलगी," काकूंनी सुरुवात केली. "डोकं असल्याशिवाय जमत नाही ते."

"शिकवते खरी," आई म्हणाली. "कुणी शिकत असेल तर."

निनादने वहीत खूण केली. दर थोडा उतरला.

"चेहऱ्यावर तेज आहे मात्र."

"घाम आहे तो. जिना चढून आलोय."

"शांत दिसते स्वभावाने."

"शांत कसली, तिला वेळेवर काही सुचत नाही. भांडण संपून तासभर झाला की हिला उत्तर सापडतं. मग भांड्यांशी बोलत बसते."

हे खरं होतं. मी सतरंजीकडे पाहिलं. निनादही पाहत होता. आमची नजर एकाच ठिकाणी आली. तिथे चहाचा जुना डाग होता. आधी कुणीतरी चुकलं होतं.

"आता आमच्या निनादचं बघा," काकू म्हणाल्या, कारण तेही चालतं. "कंपनी म्हणते दर उतरवलास तर बढती नाही. बढती नाही म्हणून मुली नकार देतात."

"बढतीमुळे नाही देत," आई म्हणाली. "पायात मोजे दोन रंगांचे आहेत."

निनादने पाय आत ओढले. दर आणखी उतरला, पण निम्म्यावर येईना. तिथे काकू अडून बसल्या. तेव्हा आई उठली.

"चल गं वृंदे. आपल्याला परवडायचं नाही हे."

मंडईत आई हेच करते. दारापर्यंत जायचं, एक चप्पल घालायची आणि दुसरीत पाय घालायला वेळ लावायचा. तेवढ्यात मागून 'अहो ताई, या की' येतं. आजवर आईला दुसरी चप्पल पूर्ण घालावी लागलेली नाही.

मी तिच्यामागे उठायला हवं होतं. पण स्वतःबद्दल इतकं ऐकून घसा कोरडा पडला होता, आणि काकूंनी कप पुढे केला.

"घे गं बाळा. दमलीस."

मला बाळा म्हणून कुणी हाक मारून किती वर्षं झाली होती, मी सांगू शकत नाही. मी कप घेतला आणि प्यायले.

काकू आईला 'अहो बसा' म्हणायला तोंड उघडत होत्या. त्यांनी ते मिटलं.

आईने मागे वळून पाहिलं.

"प्यायलीस?"

"घोटभर."

"घोटही धरतात," निनाद हळूच म्हणाला. "छापील दर लागेल. वर्षभर."

आई परत येऊन बसली. पायात एकच चप्पल होती, तीही सतरंजीवर आली, पण तिला कुणी काही म्हणालं नाही. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिने काकूंकडे पाहिलं.

"गुडघे दुखतात का हो?"

"काय सांगू. सकाळपासून बसून असते. एक आई जाते, दुसरी येते."

"शिवाय तुमची बाजू पडते. मघाशी तेज म्हणालात, तिथे चुकलात. तेजाला घाम म्हणता येतं. ज्याला समोरचीला नाव ठेवता येणार नाही, असं काहीतरी काढावं लागतं."

"तसं सुचायला पाहिजे ना पण."

"मला सुचतं," आई म्हणाली. "तुम्ही घरी जा. तुमच्या जागी मी बसते. वर्षभर. हिला निम्म्या दराने द्या."

निनादने नियम पाहिले. कंपनीच्या बाजूने अधिकाऱ्याची आईच बसायला हवी. पण जुना सेट टॉप बॉक्स देऊन नवा घ्यायची सोय होती, आणि आया त्याच सदरात येत होत्या. म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा माझी आई निनादची आई होईल. काकू तेवढा वेळ कुणाच्याच नसतील. काकूंना हे ऐकून इतका आनंद झाला की त्यांनी तिथेच गुडघ्याचे पट्टे सोडले.

"मुलीची हरकत?" निनादने विचारलं. बैठकीत मुलांना हा एकच प्रश्न विचारतात.

मी आईकडे पाहिलं. ती पायातली चप्पल काढून बाजूला ठेवत होती. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं, किंवा तिने ते दिलं नव्हतं. नको म्हणायला एवढी जागा पुरेशी होती.

"स्पीड तोच राहील ना?" मी विचारलं.

"तोच राहील," निनाद म्हणाला आणि त्याने मान खाली घातली. माझी लाज त्याला वाटली. मला तर वाटतच होती.

त्यानंतर क्लास छान चालला. चेहरा थिजेनासा झाला. आता मुलांना तो पूर्ण वेळ दिसतो, हा मुद्दा मी आधी लक्षात घेतला नव्हता. आई सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी परत यायची आणि आल्याआल्या मला नावं ठेवायची. घरात काही बदललं नाही. फक्त डब्यात कधीकधी निनादसाठी वेगळी वाटी असायची.

शहरात मात्र दर वाढले. शेजारच्या देसाईवहिनींनी मला जिन्यात गाठलं.

"तुमच्या आईंनी आमच्या सोनलचं इतकं कौतुक केलं, की पॅकेज वरचं लागलं आम्हाला."

"सॉरी हो वहिनी."

"मी सारखी म्हणत होते, ढ आहे, ढ आहे. त्या म्हणाल्या, ही मुलगी चुकलं की स्वतःहून सांगते, अशी माणसं किती राहिलीत? आता याला काय बोलणार मी?" वहिनींनी मागे वळून पाहिलं. "सांगते तशी. मलाच माहीत नव्हतं."

त्यांच्यामागे सोनल उभी होती. नेहमी पाठीत वाकून चालणारी ती मुलगी त्या दिवशी सरळ उभी होती.

वर्ष संपत आलं तेव्हा आईने गवार मोडता मोडता मला नोटीस दिली.

"तुझी मुदत संपते आहे. सोमवारी मावशीला घेऊन ये."

"आई, निदान मला तरी जरा..."

"ऑफिसचं ऑफिसात. आणि शेंगा नीट मोड, दोर राहतायत."

नलूमावशीला मी कराडहून बोलावलं. ती गोड बाई आहे, तिला कुणाबद्दल वाईट बोलता येत नाही. रिक्षात मी तिच्याकडून माझे दोष पाठ करून घेतले. मोठ्याने एकेक दोष सांगत गेले तशी रिक्षावाल्याने आरसा माझ्यावर वळवला. मावशीला उठायचं, दाराशी जायचं, एक चप्पल घालायची, हेही शिकवलं.

आई कांजी केलेल्या साडीत बसली होती. निनादच्या कॉलरवरचा धागा तिने काढला आणि म्हणाली, "बोला."

"आमची वृंदा विसराळू आहे," मावशी म्हणाली. "वाढदिवससुद्धा विसरते सगळ्यांचे."

"विसरते," आई निनादला म्हणाली. चहा विचारण्यापलीकडे कंपनीची आई ग्राहकाशी थेट बोलत नाही. "कुणी हिला टाकून बोललं तर तेही विसरते. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला चहा करून देते. मला नाही जमलं ते आयुष्यात."

दर चढला.

"हळू आहे," मावशी घाईने म्हणाली. "कामाला फार वेळ लावते."

"लावते. क्लास संपला तरी एक मुलगी मागे थांबते, तिला समजत नाही लवकर. ही तिला तेच तेच पुन्हा सांगत बसते, आवाज न चढवता. मी दाराआड उभी राहून ऐकते. मलासुद्धा आता अपूर्णांक यायला लागले."

दर आणखी चढला. मावशी गडबडली. पुढचे दोष ती विसरली आणि ठरल्याप्रमाणे उठून दाराशी गेली. मी उठले नाही.

"हिचे वडील अंथरुणाला खिळले होते," आई म्हणाली, "तेव्हा त्यांची दाढी ही करायची. मी करायला गेले की ते मान फिरवायचे, संकोचायचे. ही करायची तेव्हा गोष्टी सांगत बसायचे हिला. शेवटपर्यंत माणूस नीटनेटका राहिला. ते हिच्यामुळे."

हे आई घरी कधी बोलली नव्हती. आता ती कंपनीच्या बाजूने बोलत होती आणि अतिशय चांगलं काम करत होती. याच्यात नाव ठेवायला कुठे जागा नव्हती.

निनादने आकडा लिहिला. तो छापील दराच्याही वर होता. या पॅकेजला एवढा दर लागू शकतो हे त्यालाही नवीन होतं, कारण त्याने वही जरा दूर धरून पुन्हा पाहिली. एवढ्या दरात मला हे पॅकेजच काय, क्लासही परवडणार नव्हता.

"वृंदे, ऊठ गं," मावशी दारातून म्हणाली. तिच्या दोन्ही चपला घालून झाल्या होत्या.

"मुलीची हरकत?" निनादने नियमाप्रमाणे विचारलं.

मला मान वर करवेना.

"अजून काही सांगायचंय का त्यांना?" मी विचारलं.

आईने पदर नीट केला.

"आहे की," ती निनादला म्हणाली. "लिही."