घड्याळजींना पाजलेला अर्क

"बाबांनी एक घोट घेतला की दुकानाची पुढची बाजू आपली झालीच म्हणून समज," जावईबापूंनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या टेबलावर ते काम करायचे आणि पुढची अर्धी जागा नुसती धूळ खात पडलेली. तिथे थंड कॉफीचं काउंटर टाकायचं, हे जावईबापूंच्या डोक्यात वर्षभर घोळत होतं. अडचण एकच. सासरे मुलखाचे अबोल. वर्षापूर्वी विचारलं तेव्हा ते हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते, आणि पुन्हा विचारायची जावईबापूंची हिंमत नव्हती. म्हणून त्यांनी आपल्या वतीनं कॉफीलाच बोलू द्यायचं ठरवलं.

जाडसर दळलेली कॉफी त्यांनी आदल्या दिवशी थंड पाण्यात भिजत घातली आणि सकाळी फडक्यातून दोनदा गाळली. बरणीत उतरला तो काळाकुट्ट अर्क.

"एक भाग अर्क, तीन भाग पाणी, हे बाबांना नीट सांगा हं," बायको म्हणाली.

"बाबांना पाणी घालायला मी शिकवू? बरं दिसतं का ते?"

बरं दिसण्याची ही हौसच त्यांना नडली. दुकानात त्यांनी सासऱ्यांपुढे अर्काचा भरलेला ग्लास ठेवला, शेजारी गार पाण्याची बाटली आणि एक मोठा रिकामा ग्लास ठेवला, आणि अदबीनं बाजूला होऊन ते पुढच्या जागेत पावलांनी काउंटरची लांबी मोजायला लागले.

सासऱ्यांनी एक घोट घेतला. त्यांचे डोळे विस्फारले. पण जावयानं स्वतःच्या हातानं करून आणलेली वस्तू टाकायची कशी? त्यांनी डोळे मिटून ग्लास रिकामा केला आणि मग ते दुसऱ्या ग्लासातून पोटभर पाणी प्यायले.

जावईबापू परत येऊन बघतात तो ग्लास रिकामा, बाटलीही अर्धी झालेली. त्यांना आकाश ठेंगणं झालं. आवडली म्हणायची! त्यांनी लगेच दुसरा ग्लास भरला. सासरे पडले भिडस्त. त्यांनी तोही संपवला.

थोड्या वेळानं ते एका नर्सबाईंचं मनगटी घड्याळ घेऊन बसले. बाई समोरच स्टुलावर होत्या, कारण घड्याळ घेऊनच त्यांना ड्युटीवर जायचं होतं. सासऱ्यांनी चिमट्यात इवलासा स्क्रू धरला आणि चिमटा थरथरायला लागला. ज्या हातांनी जन्मात कधी काही सांडलं नव्हतं, त्यांच्यातून स्क्रू उडाला आणि टेबलाखाली गेला.

"मी बघतो," म्हणत जावईबापू टेबलाखाली शिरले.

"काका, हात द्या बघू," वरून नर्सबाईंचा आवाज आला. "नाडी केवढी जोरात चाललीय. काय खाल्लं-प्यायलंत?"

"जावयानं कॉफी आणली होती. दोन ग्लास."

बाईंनी ग्लास हुंगला. "अहो, हा तर नुसता अर्क आहे. यात पाणी नाही घातलंत?"

"पाणी नंतर प्यायलो."

"जावयाला काही अक्कल आहे की नाही?"

टेबलाखाली जावईबापूंना लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेवढ्यात सासरे बोलायला लागले. वर्षभराचं साठलेलं सगळं एकदम. मुलीला लहानपणी झालेला गोवर, शेजारच्या शिंप्याचं घोरणं, छताची गळती, एकातून दुसरं निघत, मध्ये श्वाससुद्धा न घेता.

"काका, आणखी पाणी प्या आणि शांत बसा."

"बसतो. पण पोरगा गुणी आहे हो. पुढची जागा त्याला द्यायचं मी केव्हाच ठरवलंय. सुतारालाही काउंटरचं सांगून ठेवलंय. मला आपणहून बोलायला जमत नाही, एवढंच. आज सांगणारच होतो, तर तो कॉफी घेऊन आला. म्हटलं, आधी त्याचं मन राखू. कडू होती हो फार. पण एवढ्या हौसेनं केलेली..."

"आणि आहे कुठे तो?"

"स्क्रू शोधतोय बिचारा. बाहेर आला की दुकानाची किल्ली देतो त्याला."

स्क्रू जावईबापूंना केव्हाच सापडला होता. तो मुठीत घट्ट धरून ते टेबलाच्या पायाला टेकून बसले होते. कोणत्या तोंडानं बाहेर यायचं, ते मात्र कळत नव्हतं.

"सापडला का हो?" सासऱ्यांनी वरून मायेनं विचारलं.

"शोधतोय, बाबा," जावईबापू म्हणाले.